डॉ. तात्याराव लहाने : एका नेत्रवैद्याची कारकीर्द

सोलापुरास अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. तुटलेला धागा हेरावयाचा आणि तो जोडावयाचा, हें तेथील काम डोळ्यांच्या भरंवशावर चालतें. अशा कामकऱ्यास मोतीबिंदू झाला, म्हणजे दृष्टीबरोबर त्याची भाकरीहि जाऊं लागते. मोतीबिंदू हा डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. डोळ्यांतील स्वच्छ भिंगच गढूळ होतें. तें औषधानें निवळत नाहीं. पूर्वीचे वैद्य तें सुईनें मागें ढकलीत. पुढें तें काढूं लागले, पण मग रोग्यास जन्मभर जाड कांचांचा चष्मा वागवावा लागे. १९४९ सालीं लंडन येथें हॅरॉल्ड रिडले यांनीं डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसविलें. उपाय सांपडला, पण तो गरिबाच्या डोळ्यापर्यंत न्यावयाचा कोणीं?

ज्यांनीं तो नेला, त्यांपैकीं एकाचें गांव सोलापुराहून फार दूर नाहीं. धाराशिव ओलांडलें कीं लातूर जिल्हा लागतो. तेथील माकेगांवीं १९५७ सालीं, गरीब शेतकऱ्याच्या घरीं, तात्याराव लहाने यांचा जन्म झाला. नेत्रशास्त्राचें उच्च शिक्षण संपवून ते अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक झाले, आणि तेथून पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत आले.

ऐन उमेदीच्या वयांत त्यांचीं दोन्हीं मूत्रपिंडें निकामी झालीं. १९९५ सालीं आई अंजनाबाई यांनीं आपलें एक मूत्रपिंड मुलास दिलें. पुढील सारें कार्य त्या दानावर झालें आहे.

त्यांच्या शिबिरांपैकीं वरोऱ्याजवळील आनंदवनांतलीं शिबिरें विशेष म्हटलीं पाहिजेत. कुष्ठरोगानें अनेकांचीं बोटें बधिर झालेलीं असतात. भांडें तापलें आहे कीं नाहीं, पायांत कांटा मोडला कीं काय, हें त्यांना स्पर्शानें कळत नाहीं. डोळ्यांनींच पाहावें लागतें. म्हणजे त्यांच्या ठायीं डोळा हातांचेंहि काम करतो. त्यांतच पापणीच्या शिरा दुर्बळ होऊन ती नीट मिटत नाहीं, आणि बुबुळास इजा होते. अशा मनुष्याची दृष्टि गेली, तर त्याचें कांहींच उरत नाहीं; आणि नेमका त्यालाच स्पर्श करावयास कित्येक दवाखाने कचरत. लहाने आणि त्यांच्या सहकारी डॉ. रागिणी पारेख यांनीं आनंदवनांतच जाऊन या लोकांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या.

त्यांच्या हातच्या शस्त्रक्रियांची संख्या एक लाखावर गेली. २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. नंतर ते जे. जे. समूहाचे अधिष्ठाता व पुढें राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचे संचालक झाले. पण खुर्चीच्या या गोष्टी इतर चरित्रांतहि सांपडतात.

२०२३ सालीं मात्र जे. जे. मधील निवासी डॉक्टरांनीं तक्रार केली कीं, शस्त्रक्रिया शिकण्याची पुरेशी संधी आपणांस मिळत नाहीं. लहाने यांनीं आरोप नाकारले आणि सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. तरी एका हातानें लाखभर डोळ्यांवर शस्त्र चालवावें हें थोर असलें, तरी जेथें विद्यार्थी शिकतात तेथें तें शस्त्र दुसऱ्या हातांत केव्हां द्यावें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. माकेगांवासारख्या गांवांतून आजहि म्हातारीं माणसें मोतीबिंदू घेऊन येतच आहेत, आणि त्यांच्यासाठीं असे हात पुष्कळ लागणार आहेत.