एटीपी सिंथेज

एटीपी सिंथेज हे जिवाणू, वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींमध्ये एटीपी म्हणजेच ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट तयार करणारे विकर आहे. प्राण्यांमध्ये ते तंतुकणिकांच्या आतील पटलात, वनस्पतींमध्ये त्याशिवाय हरितलवकांतही, तर जिवाणूंमध्ये पेशीपटलात आढळते. बहुतेक विकरे अभिक्रियेचा वेग वाढवतात, पण स्वतः जागच्या जागी राहतात. एटीपी सिंथेजचा एक भाग मात्र काम करताना खरोखर गरगर फिरतो.

पार्श्वभूमी

एटीपीचा शोध १९२९ मध्ये लागला. जर्मनीत कार्ल लोमान यांनी, तर अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव यांचे नाव या संदर्भात पुष्कळदा राहून जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा थोडाच, म्हणजे काही दशक ग्रॅम असतो. परंतु तो सतत खर्च होऊन पुन्हा तयार होत असल्याने दिवसभरातील एकूण उलाढाल सुमारे शरीराच्या वजनाइतकी भरते.

ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून ३८ एटीपी मिळतात, असे अनेक शालेय पुस्तकांत दिलेले असते. आधुनिक मोजमापांनुसार ही संख्या ३० ते ३२ च्या आसपास आहे. त्यांपैकी ग्लायकोलायसिस आणि क्रेब चक्र यांत प्रत्यक्ष तयार होणारे चार रेणू वगळता बाकीचे सर्व एटीपी सिंथेजकडून येतात.

ऊर्जा कोठून येते

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलावरील विकरांच्या साखळीतून अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. या प्रवासात मुक्त होणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलाच्या बाहेरील बाजूस ढकलले जातात. धरणात पाणी अडवावे तसे ते तेथे साठतात आणि परत आत येण्याची वाट त्यांना मुख्यतः एटीपी सिंथेजमधूनच मिळते. पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत विभव सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्ट असतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पटलाची जाडी अवघी काही नॅनोमीटर असल्याने तेथील विद्युत क्षेत्र दर मीटरला कोट्यवधी व्होल्ट भरते.

ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. त्या काळी बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञ ऊर्जा वाहून नेणाऱ्या एखाद्या मध्यस्थ संयुगाच्या शोधात होते. ते संयुग कधीच सापडले नाही, तरीही मिचेल यांना दीर्घकाळ विरोध झाला. १९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि वाल्टर श्टोकेनियस यांनी कृत्रिम मेदपुटिकांमध्ये एका सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर चालणारे प्रोटॉन-पंप प्रथिन आणि गाईच्या हृदयातील एटीपी सिंथेज एकत्र बसवले. प्रकाश पडताच एटीपी तयार झाले. या दोन प्रथिनांमध्ये प्रोटॉनखेरीज दुसरा दुवा असण्याचा संभव नव्हता. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना आणि कार्य

या विकराचे दोन भाग आहेत. पटलात रुतलेला भाग ‘एफ-ओ’ आणि बाहेर डोकावणारा गोलसर भाग ‘एफ-१’. यातील ‘ओ’ हे अक्षर ऑलिगोमायसिन या प्रतिजैविकावरून आले आहे. अनेक ठिकाणी ते चुकून शून्य म्हणून छापले जाते. एफ-ओमध्ये ‘सी’ उपघटकांचे एक कडे असते. प्रोटॉन एकेक करून या कड्यावर चढतात आणि जवळजवळ पूर्ण फेरी मारून दुसऱ्या बाजूस उतरतात, त्यामुळे कडे फिरते. त्याला जोडलेला मधला दांडा एफ-१ मध्ये शिरलेला असतो. जात्यात मधली खुंटी स्थिर राहते आणि वरचा दगड फिरतो. येथे नेमके उलट, खुंटी फिरते आणि भोवतालचे घर स्थिर राहते.

दांड्याभोवती एटीपी घडवणारी तीन स्थाने आहेत. एक उघडे, दुसरे एडीपी व फॉस्फेट सैलसर धरणारे आणि तिसरे त्यांना घट्ट आवळून एटीपी बनवणारे. दांडा वळला की स्थानांच्या या अवस्था बदलतात आणि एका पूर्ण फेरीत तीन एटीपी बाहेर पडतात. पॉल बॉयर यांच्या प्रतिपादनाचे मर्म असे की, ऊर्जा प्रामुख्याने एटीपी बनवण्यासाठी नव्हे, तर तयार झालेले एटीपी विकराच्या पकडीतून सोडवण्यासाठी लागते. जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने एफ-१ ची रचना उलगडली, तेव्हा तिन्ही स्थाने खरोखरच वेगवेगळ्या अवस्थांत आढळली. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी दांड्याला चकाकणारा ॲक्टिनचा तंतू जोडून त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना जेन्स स्कू यांच्यासह नोबेल मिळाले.

‘सी’ कड्यातील उपघटकांची संख्या प्राण्यांमध्ये ८, तर पालकाच्या हरितलवकांत १४ आहे. कडे जितके मोठे, तितके एका फेरीसाठी अधिक प्रोटॉन खर्च होतात.

विष आणि औषध

प्रोटॉनांना पटलातून आडवाटेने आत सोडले, तर साठलेली ऊर्जा एटीपी न बनता उष्णतेच्या रूपाने वाया जाते. नवजात अर्भकांच्या तपकिरी मेदात हे नैसर्गिकरीत्या घडते आणि त्यांचे शरीर उबदार राहते. डायनायट्रोफिनॉल हे रसायन मात्र सर्व पेशींमध्ये अशी गळती घडवते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवण्यासाठी विकले गेले. शरीराचे तापमान अनावर वाढून मृत्यू, तसेच मोतीबिंदू, असे परिणाम दिसल्यावर १९३८ मध्ये त्या वापरास पायबंद बसला. चोरट्या विक्रीमुळे आजही त्याचे बळी जातात. या विषबाधेवर उतारा नाही.

क्षयरोगावरील बेडाक्विलिन हे औषध क्षयाच्या जिवाणूच्या ‘सी’ कड्याला चिकटून ते फिरू देत नाही. वाढ थांबवून सुप्त राहिलेल्या जिवाणूंनाही जगण्यासाठी एटीपी लागतेच, त्यामुळे तेही या औषधाने मरतात. मानवी विकराशी त्याचे बंधन त्या मानाने फार दुर्बल असते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१६ पासून भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात बहुऔषध-प्रतिरोधी क्षयाच्या रुग्णांना ते दिले जाऊ लागले. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकत असल्याने उपचारकाळात ईसीजी काढावा लागतो. ‘सी’ उपघटकाच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास जिवाणू या औषधालाही दाद देत नाही. म्हणून ते एकटे न देता नेहमी इतर औषधांच्या जोडीनेच देतात.