विमानाच्या तावदानाची निगा

काच पुसण्याची कृती मनुष्याच्या हाताला पिढ्यानपिढ्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, कोरडे फडके घेऊन, तोंडाची वाफ सोडून, हात गोलगोल फिरवीत ती लख्ख करताना आपण काही विशेष करीत आहो असे कोणासच वाटत नाही. परंतु चार आसनांच्या लहान विमानाच्या पुढल्या तावदानावर हाच हात याच रीतीने फिरत राहिला, तर ते तावदान काही काळाने मावळतीच्या उन्हासमोर येताच धुरकटते आणि वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. ते तावदान काचेचे नसते, ॲक्रिलिकचे असते. आणि त्याच्या निगेचा जो शिरस्ता आज हँगरमध्ये पाळला जातो, तो या नव्या पदार्थाचा स्वभाव ओळखता ओळखता, बरेच नुकसान सोसून, घडत गेला आहे.

आरंभी तावदानाचा प्रश्नच नव्हता. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले तेव्हा चालक खालच्या पंखावर पालथा पडलेला होता आणि त्याच्या मुखासमोर वाऱ्यावाचून काही नव्हते. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल घालीत. ते धुराबरोबर बाहेर पडून वैमानिकाच्या चष्म्यावर उडे, आणि गळ्याभोवतीचा रेशमी रुमाल, जो मान घासू नये म्हणून बांधलेला असे, तोच चष्मा पुसण्याच्याही कामी येई. पुढे आसनासमोर लहानसा पडदा आला. काच जड आणि ठिसूळ, म्हणून सेल्युलॉइडचे पातळ पत्रे वापरण्यात आले; ते हलके व वाकवता येण्याजोगे खरे, परंतु उन्हाने पिवळे पडत आणि ठिणगी लागताच भडकत. १९२८ साली जुहूच्या मैदानावर बाँबे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, त्या काळी शिकाऊ लोक ज्या मॉथ विमानांत बसत, त्यांची आसने उघडी असून प्रत्येकापुढे एवढासा पडदा असे.

क्रांती झाली ती प्रयोगशाळेत. जर्मनीतील डार्मस्टाट येथे ओटो रोम यांच्या कारखान्यात मिथाइल मेथाक्रिलेट हा द्रव दोन काचांच्या मध्ये घट्ट होऊन त्याची स्वच्छ पारदर्शक ॲक्रिलिकची लादी तयार होते असे आढळले, आणि १९३३ साली तिला प्लेक्सिग्लास हे नाव नोंदवण्यात आले; इंग्लंडात आय.सी.आय. कंपनीतील रोलंड हिल व जॉन क्रॉफर्ड यांनी त्याच मार्गाने जाऊन पर्स्पेक्स सिद्ध केले. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, सुमारे ९२ टक्के प्रकाश पार जाऊ देण्याची क्षमता, आणि उष्णता देताच हवा तसा बाक घेण्याची तयारी असे तिहेरी गुण या पदार्थात एकवटले होते. एकच उणीव होती, आणि निगेचा सारा इतिहास त्या एका उणिवेपोटी जन्मलेला आहे: त्याचा पृष्ठभाग मऊ होता.

दुसऱ्या महायुद्धात ही उणीव जिवावर बेतणारी ठरली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला पर्स्पेक्सच्या आच्छादनावरचा धुळीचा ठिपका आणि दूरवरून येणारे शत्रूचे विमान यांतला भेद क्षणार्धात करावा लागे. म्हणून जमिनीवरचे सेवक ते आच्छादन रोज नेटाने पुसून ठेवीत. याच पर्स्पेक्सच्या चिपा जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत रुतल्या, तरी डोळा त्यांच्यावर चिडून उठत नाही, हे हॅरल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाने हेरले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग मनुष्याच्या डोळ्यात प्रथम बसवले. आज मोतीबिंदूनंतर ज्यांना दृष्टी परत मिळते, त्यांच्यापैकी कितीजणांना या ऋणाची जाणीव असेल? हे विषयांतर झाले खरे, परंतु त्या आच्छादनाविषयी लिहिताना ते टाळणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

युद्धानंतर खासगी लहान विमानांची संख्या वाढली. सेस्ना १७२ सारखी विमाने १९५६ पासून विकली जाऊ लागली, आणि पूर्वी लष्करी सेवकांच्या हाती असलेले काम हौशी मालकाकडे आले. तेव्हा निर्मात्यांच्या पुस्तिकांतून निगेची कलमे आली, आणि ती वाचण्यासारखी आहेत. प्रथम अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. मग तावदानावर भरपूर पाणी सोडावे, फडके मात्र अजून हाती घेऊ नये. ओल्या उघड्या तळहाताने पृष्ठभाग हलके चाचपावा, कारण मीठ, चिखल किंवा किड्याचे वाळलेले कवच कोठे चिकटून आहे हे बोटांच्या टोकांना कळते, फडक्याला कळत नाही. ते फडके तोच कण तावदानभर ओढीत नेते. कण सुटून वाहून गेले म्हणजे सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड. हात वरून खाली सरळ जावा. गोल फिरवल्यास बारीक चरे वर्तुळाकार उमटतात आणि सूर्य कोणत्याही दिशेला असला तरी त्याच्याभोवती चकाकीचे कडे उभे राहते. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन ओलसर कमावलेल्या मऊ कातड्याने टिपावे. कोरड्या कापडाने घासण्यास सक्त मनाई आहे, कारण घर्षणाने विद्युत्‌भार साचतो आणि नुकतीच काढलेली धूळ परत ओढली जाते. टिपलेल्या तावदानावर मेणाचा पातळ थर दिल्यास बारीक चरे भरून निघतात.

द्रावणांच्या बाबतीत पुस्तिकांचा स्वर अधिकच कडक होतो. पेट्रोल, बेंझीन, ॲसिटोन, अल्कोहोल, रंगाचा थिनर, आग विझवण्याचा द्राव, आणि घरची काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव या सर्वांस मज्जाव आहे. वाकवून, पेचांनी आवळून बसवलेल्या तावदानात ताण कायम असतो. त्या ताणलेल्या जागी द्रावण झिरपले की केसाहूनही बारीक तड्यांचे जाळे आतल्या आत पसरते, आणि ते कोणत्याही मेणाने बुजत नाही. ओरखडा उथळ असेल तर क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या घासपट्ट्यांनी तो काढण्याची मुभा आहे. फार घासल्यास मात्र तेथील जाडी विषम होते, पलीकडचे दृश्य वेडेवाकडे दिसते, आणि सगळे तावदान बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

नवख्याला सर्वांत नवल वाटते ते एका कलमाचे: गोठणारा पाऊस किंवा गारा अपेक्षित नसतील तर तावदानावर कॅनव्हासचे आच्छादन घालू नये. संरक्षणासाठी घातलेले ते जाड कापड वाऱ्याने हलते, आणि खाली अडकलेली धूळ तावदानावर रात्रभर घासत राहते. जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर गोठणाऱ्या पावसाचे भय नाही, पण खारा वारा आणि वाळू आहेत. तेव्हा तेथे हे कलम अक्षरशः पाळावे, आणि सकाळी विमान बाहेर काढताना फडक्याआधी पाण्याची बादली आणवावी.