पोटाची चाल

आपल्या रत्नागिरीत पेशंटला भेटायला जाताना आमरसाचा डबा हवाच! पण पोटाचं ऑपरेशन असेल तर जरा थांबा.

१८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कर्करोग झालेला जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. जोडणी जमली, पण त्या भागाबरोबर जठराचा दरवानही जातो. मग गोड पातळ पदार्थ भसकन आतड्यात उतरतात. घाम, धडधड, चक्कर.

१९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिपल यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यानंतर कुणाकुणाचं उलटंच होतं: जठर कित्येक दिवस, कधी आठवडेही सुस्त. आग्रहाने भरवलं की उलटी.

कापणं-जोडणं सर्जनच्या हातात. चाल पोटाची पोटालाच सापडावी लागते. तोवर डॉक्टर सांगतील तेव्हा, तेवढंच, थोडं थोडं. माया डब्यात नाही मावली तरी चालेल.