जखीण : आदिबंध आणि कऱ्हाडचा इतिहास

सातारा व सांगली हे जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झालेला भाग १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला; कृष्णाकाठच्या गोष्टींनी मात्र ही हद्द कधी मानली नाही. बागणीत जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर (१९२०-२००८) यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या, कहाण्या व गोष्टी ग्रंथबद्ध केल्या, त्यामुळे हे धन अभ्यासकांच्या हाती आले. या गोष्टींत भुतांचा गोतावळा मोठा. त्यांपैकी जखिणीचा येथे विचार करावयाचा आहे.

युंग या मानसशास्त्रज्ञाच्या मते परीकथांतील पात्रे ही सामूहिक नेणिवेतील आदिबंधांची रूपे होत. १९३८ च्या व्याख्यानात त्याने मातेच्या आदिबंधाची दोन मुखे सांगितली : एक पोसणारी, दुसरी गिळणारी. या दृष्टीने जखीण म्हणजे गिळणारी माता. युंगचा अनुयायी न्यूमन तर म्हणतो की, या मातेचा वध केल्यावाचून नायकाची जाणीव स्वतंत्र होत नाही.

हे सूत्र पालीतील पदकुसलमाणव जातकाला (क्र. ४३२) लावून पाहावे. घोड्याच्या तोंडाची एक यक्षिणी वाटसरूंना खाते. एका ब्राह्मणावर तिचे मन बसते. ती त्याला गुहेत ठेवते आणि बाहेर जाताना दाराशी शिळा लावते. त्यांचा पुत्र म्हणजे बोधिसत्त्व. तो शिळा हलवून पित्यासह पळतो, पकडला जातो, मग आईकडूनच तिच्या हद्दीची खूण काढून घेऊन पित्याला खांद्यावर घेऊन नदी पार करतो. हद्द तीस योजने लांब, पाच योजने रुंद. काठावर उभी राहून आई विनवते. मुलगा परतत नाही असे पाहून, त्याचे पोट कसे भरेल या काळजीने, बारा वर्षांपूर्वीची पाऊलखूणही ओळखता येईल अशी विद्या ती त्याला देते आणि ऊर फुटून मरते. पितापुत्र रडत तिला अग्नी देतात, फुले वाहतात.

गुहा, शिळा, नदी ही सारी प्रतीके युंगपंथीयांना हवी तशीच आहेत. फक्त वध नाही. गिळणारी आणि पोसणारी येथे एकच बाई आहे, आणि मुलाला हे कळते. आमच्या मते जातककाराची समज न्यूमनपेक्षा खोल आहे.

प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी मारले गेले. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणा बाईला चेटकीण ठरवून छळणाऱ्यांना 'भीषण माता मानवी मनात सनातनच आहे' हे वाक्य फार सोयीचे पडेल. म्हणून विचारावे लागते : यक्षिणीचे दुसरे मुख कोठे गेले?

'जखीण' हा शब्द 'यक्षिणी'वरूनच आला आहे. मधले प्राकृत रूप 'यखि' भारहुतच्या कठड्यावर कोरलेले आढळते. इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातील या स्तूपाच्या खांबांवर यक्षिणी नावानिशी उभ्या आहेत. भूत म्हणून नव्हे, पावित्र्याच्या रक्षक म्हणून. त्याच स्तूपाच्या दानलेखांत 'करहकट' नगराचे दाते येतात आणि ते नगर म्हणजे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. म्हणजे येथल्या माणसांनी शेकडो कोसांवर जिला मान मिळत होता तेथे दान धाडले, तिचेच नाव पुढे येथे भुताला मिळाले. आदिबंध दोन्ही मुखे दाखवतो. त्यांतले एकच का उरले हे तो सांगत नाही. भिक्षुसंघ गेला, कठड्यावरच्या यखीचा अर्थ सांगणारे गेले आणि नाव तेवढे अंधारात राहिले, असे अनुमान करावेसे वाटते.

कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. एका लेण्यात ते गोपालपुत्र संघमित्राचे दान असल्याचा ब्राह्मी लेख आहे. डोंगराच्या पायथ्याच्या गावाचे नाव जखिणवाडी.