रामदास, काँकॉर्डिया आणि समोरच्या काकू

परवा नातवाने मला एक फिल्म दाखवली. समुद्रात आडवे पडलेले मोठे जहाज लोक दोर लावून उभे करताहेत! पाच मिनिटे बघून बाजूला होणार होतो, पण तासभर बसून राहिलो. चहा गार झाला, बोलणीही खाल्ली.

जहाजाचे नाव कोस्टा काँकॉर्डिया. इटलीचे प्रवासी जहाज, सहलीसाठी फिरणारे. लांबी २९० मीटर, आणि त्या रात्री वर चार हजारांवर माणसे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री जिल्यो बेटाच्या फार जवळून जाताना ते खडकाला घासले, तळ फाटला आणि किनाऱ्यालगत कुशीवर कलंडले. ३२ माणसे गेली. कप्तान प्रवाशांच्या आधीच उतरला होता, त्याला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याबद्दल जगाने पुष्कळ लिहून ठेवले आहे.

मला गुंतवले ते पुढच्या कामाने. आधी टाक्यांतले दोन हजार टनांवर तेल काढून घेतले. मग प्रश्न आला, जागेवर तोडायचे की सबंध उचलायचे? तोडणे सोपे, पण तुकडे आणि घाण आजूबाजूच्या स्वच्छ समुद्रात जाणार. म्हणून सबंधच न्यायचे ठरले. प्रमुख होते दक्षिण आफ्रिकेचे निक स्लोन. जहाज उतारावरच्या खडकांवर टेकलेले, घसरले तर खोल पाण्यात जाणार. म्हणून समुद्रात पोलादी ओटे बांधले, तळाखालची पोकळी सिमेंटच्या हजारावर पिशव्यांनी भरली. वर आलेल्या कुशीला पोकळ पोलादी पेट्या जोडल्या. १६ सप्टेंबर २०१३ ला सकाळी दोर ताणायला सुरुवात झाली. पिंपाला दोर गुंडाळून ते फिरवतात ना, तत्त्व तेच. पेट्यांत पाणी भरले की त्यांच्या वजनानेही जहाज फिरायला मदत. ६५ अंश वळायला १९ तास लागले, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जहाज उभे. जी कुशी दीड वर्ष खाली दबली होती, ती अगदी चेंदलेली!

मग त्या बाजूलाही पेट्या बसवल्या, एकूण तीस. त्यांतले पाणी काढून हवा भरली आणि जुलै २०१४ मध्ये जहाज तरंगले. २७ जुलैला ते जिनोव्हाला पोचले, तिथे मोडीत निघाले. या कामात एका पाणबुड्याचा जीव गेला. खर्च एक अब्ज युरोंच्या वर, म्हणजे जहाज बांधायला लागला त्याच्या दुपटीहून जास्त. "आजोबा, भंगारासाठी एवढे पैसे?" नातवाने विचारले. मी त्याला पुढचे सांगितले.

बत्तीसपैकी एक जण सापडतच नव्हता. आपल्या मुंबईकडचा तरुण, जहाजावर वेटर. त्याचा भाऊ त्या बेटावर पुन्हा पुन्हा जाऊन राहिला. जहाज उभे झाले, जिनोव्हाला गेले, तरी पत्ता नाही. शेवटी मोडणीचे काम चालू असताना, ३ नोव्हेंबर २०१४ ला, आठव्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये त्याचा देह मिळाला. जवळजवळ तीन वर्षांनी! खर्च त्याच्यासाठी केला नव्हता हे खरे. पण जागेवर तुकडे केले असते तर तो हाती लागला असता का, असे माझ्या मनात येते.

ते ऐकताना मला आमच्या गिरगावातली चाळ आठवली.

१७ जुलै १९४७, गुरुवार, गटारी अमावस्या. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला गावी जाणारी माणसे, त्यांत गिरगाव-परळची फार. वारा-पाऊस वाढला, लाटा आत येऊ लागल्या, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि काश्याच्या खडकाजवळ बोट उलटली. वायरलेस नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या काही होड्यांनी मासळी समुद्रात फेकून माणसे आत घेतली, म्हणून थोडी तरी वाचली. सहाशेहून अधिक गेली. मुंबईला कळायला दुपार उलटली. महिन्याभरात स्वातंत्र्य आले, झेंडे लागले, रोषणाई झाली. ज्या घरांतली माणसे गेली होती तिथे काय झाले असेल ते असो.

समोरच्या खोलीतल्या काकूंचे यजमान त्या बोटीवर होते. छापखान्यात कंपोझिटर. अनेकांसारखा त्यांचाही देह मिळाला नाही. तिकिटावर नाव नसते, त्यामुळे 'गेले' असे म्हणायला कागदही नव्हता. कोणी तरी म्हणे, पोहत किनाऱ्याला लागले असतील, स्मरण गेले असेल. काकू कुंकू लावत, आणि चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे की नाही यावर जिन्यात कुजबुजत. आमची आई बोलावी. दुसऱ्या एका घराने कधीच बोलावले नाही, त्याचा राग आई शेवटपर्यंत धरून होती.

कायदा सात वर्षे थांबतो, रूढी बारा. १९५९ साली बारा वर्षे भरली आणि काकूंच्या दिरांनी पालाशविधी करायचे ठरवले. पळसाच्या देठांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात. मी तेव्हा नऊ वर्षांचा. बाणगंगेला मुलांना नेले नाही, पण आदल्या संध्याकाळी भटजी साहित्य सांगायला आले तेव्हा मी काकूंच्या दारातच बसलो होतो. दीर यादी लिहून घेत होते. काकू आतून म्हणाल्या, "उंची किती धरता?"

भटजी म्हणाले, शास्त्रात सगळ्यांना एकच माप, तीनशे साठ देठ.

"ते उंच होते," काकू म्हणाल्या, आणि दिव्याची काच पुसायला घेतली.