जॉन मॅकडोनाल्ड : संघराज्य प्रांतांचे की माणसांचे?

संघराज्याचा विषय निघाला की आपल्याकडे अमेरिकेचे नाव पटकन घेतले जाते. कॅनडाचे नाव मात्र क्वचितच निघते. वास्तविक केंद्र-राज्य संबंधांच्या बाबतीत आपली घटना अमेरिकेपेक्षा कॅनडाला जवळची आहे. उरलेले सर्व अधिकार केंद्राकडे आणि प्रांताचा प्रमुख केंद्राने नेमलेला, या गोष्टी तिथेही आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना 'युनियन' या शब्दावरील आक्षेपाला उत्तर देताना बाबासाहेबांनीही कॅनडाचा दाखला दिला होता. म्हणूनच त्या संघराज्याच्या मुख्य शिल्पकाराचे चरित्र आम्ही मांडत आहोत. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही पुष्कळ आहे.

जॉन अलेक्झांडर मॅकडोनाल्ड यांचा जन्म १८१५ चा, स्कॉटलंडमधील ग्लासगोचा. पाच वर्षांचे असताना ते कुटुंबासोबत कॅनडातील किंग्स्टन येथे आले. घरची परिस्थिती बेताची होती. पंधराव्या वर्षी ते एका वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करू लागले आणि १८३६ मध्ये स्वतः वकील झाले. १८३८ च्या बंडाळीत पकडलेल्या निल्स फॉन शुल्ट्झ यांना लष्करी न्यायालयासमोर कायदेशीर सल्ला देण्याचे काम तरुण मॅकडोनाल्ड यांनी केले. शुल्ट्झ फासावर गेले, पण लोकमत विरोधात असलेल्या आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील म्हणून मॅकडोनाल्ड यांचे नाव झाले. १८४४ मध्ये ते विधिमंडळात निवडून गेले.

पुढे त्यांनी जे केले ते सोपे नव्हते. इंग्रजी आणि फ्रेंच भाषक, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, मोठे प्रांत आणि छोटे प्रांत यांना एका कायद्यात बसवायचे होते. शेजारी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. राज्यांना जास्त अधिकार दिल्यामुळेच अमेरिका फुटली, असे मॅकडोनाल्ड यांचे मत होते आणि त्यामुळे त्यांना बलवान केंद्र हवे होते. १८६४ मध्ये शार्लटटाउन आणि क्वेबेक येथे परिषदा झाल्या. क्वेबेकला ७२ ठराव संमत झाले. लंडनमध्ये शेवटचा हात फिरला आणि १ जुलै १८६७ रोजी चार प्रांतांचा कॅनडा अस्तित्वात आला. मॅकडोनाल्ड त्याचे पहिले पंतप्रधान झाले.

आता आमचा प्रश्न असा आहे की, या परिषदांत बसले कोण होते? प्रांतांचे प्रतिनिधी होते, रेल्वेवाले होते, वकील होते. ज्यांच्या जमिनीवर हा देश उभा राहत होता त्या आदिवासी राष्ट्रांचा मात्र एकही प्रतिनिधी नव्हता. एकही स्त्री नव्हती. कायद्याच्या ९१ व्या कलमात केंद्राच्या विषयांची यादी आहे. चलन, टपाल, जनगणना, आणि त्याच यादीत २४ व्या क्रमांकावर 'इंडियन आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी'. म्हणजे माणसे घटनेत आली ती कारभाराचा एक विषय म्हणून. नागरिक म्हणून नव्हे!

या कलमाचे परिणाम पुढे दिसले. १८७८ मध्ये पुन्हा सत्तेवर आल्यावर मॅकडोनाल्ड यांनी आदिवासी खाते स्वतःकडे ठेवले. रानरेडे संपल्याने पश्चिमेकडील लोक उपाशी होते. खर्च वाचवण्यासाठी आपले अधिकारी त्यांना उपासमारीच्या टोकापर्यंत अन्न नाकारतात, हे त्यांनी १८८२ मध्ये संसदेतच सांगितले. क्री जमातीचे नेते बिग बेअर यांनी १८७६ मध्ये करारावर सही करायला नकार दिला होता. १८८२ च्या अखेरीस उपासमारीने त्यांना सही करायला लावली. १८८३ मध्ये मुलांना आईबापांपासून तोडून त्यांची भाषा आणि संस्कृती पुसणाऱ्या निवासी शाळांना केंद्राने बळ दिले. पुढच्या शतकभरात दीड लाखांहून अधिक मुले या शाळांत गेली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

१८८५ साली तर सगळेच उघड झाले. मेटी नेते लुई रिएल यांना फाशी झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी बॅटलफोर्डला आठ आदिवासींना फाशी दिली गेली. राखीव वस्तीबाहेर पडायचे तर गोऱ्या अधिकाऱ्याचा पास हवा, अशी पद्धत सुरू झाली. तिला कायद्याचा कसलाही आधार नव्हता. ज्या चिनी मजुरांनी रेल्वे बांधली त्यांच्या मताचा हक्क नाकारला गेला आणि नव्याने येणाऱ्या चिन्यांवर डोईपट्टी बसली. या देशाचे 'आर्य' स्वरूप टिकले पाहिजे, असा युक्तिवाद मॅकडोनाल्ड यांनी संसदेत केला. आर्य वंशाचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात पुराव्यांनिशी खोडून काढला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

काही लोक म्हणतील, तो काळच तसा होता. हा बचाव आपण इथेही नेहमी ऐकतो. पण बिग बेअर त्याच काळातले नव्हते काय? रिएल कोणत्या काळातले होते? अन्याय आहे हे त्या काळातल्या माणसांनी ओरडून सांगितले होते. काळाच्या नावावर सूट मागणारे फक्त सत्ताधाऱ्यांनाच त्या काळाचे प्रतिनिधी समजतात.

१८९१ मध्ये मॅकडोनाल्ड पंतप्रधानपदावर असतानाच वारले. करारबद्ध आदिवासींना आपला दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६० मध्ये मिळाला. त्यांचे हक्क घटनेत लिहिले गेले ते १९८२ मध्ये. २०२१ मध्ये त्यांच्याच किंग्स्टन शहराने बागेतला त्यांचा पुतळा हटवला.

मॅकडोनाल्ड यांचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. इतक्या भांडणाऱ्या प्रांतांना एकत्र बांधणे हे मोठ्या मुत्सद्द्याचेच काम होते. पण अधिकार केंद्र आणि प्रांतांत वाटले म्हणजे ते माणसांत वाटले गेले असे होत नाही. बाबासाहेबांनी बलवान केंद्राचा आग्रह धरला, पण त्याच मसुद्यात मूलभूत हक्क होते, अस्पृश्यतेवर बंदी होती आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रौढाला मत होते. आज राज्यांचे अधिकार आणि केंद्राची दादागिरी यावर वाद झडत असतात. त्या वादात आपण जरूर उतरावे, पण उतरताना एक प्रश्न सोबत न्यावा : मुंबईला किंवा दिल्लीला अधिक अधिकार मिळाल्याने गावकुसाबाहेरच्या वस्तीच्या हाती काय पडणार आहे?