तिसऱ्या टप्प्यावरची धावपटू

आपल्या शाळेचा तो लांब व्हरांडा सगळ्यांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत तिथे पळताना सापडलं की हातावर पट्टी ठरलेली. पण अमेरिकेतल्या एका शाळेत एका शिक्षकांनी विद्यार्थिनीला मुद्दाम व्हरांड्यात पळायला लावलं होतं. स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा मला तिचीच गोष्ट सांगाविशी वाटली.

तिचं नाव बेटी रॉबिन्सन. जन्म १९११ चा, शिकागोजवळच्या रिव्हरडेल गावचा. शाळा सुटल्यावर ती आगगाडीने घरी जायची. एके दिवशी गाडी सुटायच्या बेतात असताना ती धावत सुटली. तिचे जीवशास्त्राचे शिक्षक चार्ल्स प्राइस त्याच गाडीत होते. त्यांना वाटलं, हिची गाडी चुकणार. थोड्या वेळाने पाहतात तर मुलगी डब्यात हजर! दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात तिला पळवून घड्याळ लावलं. मुलींच्याही शर्यती असतात हे तोवर बेटीला ठाऊक नव्हतं.

ही १९२८ च्या सुरुवातीची गोष्ट. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यती स्त्रियांसाठी पहिल्यांदाच खुल्या झाल्या. हॉकीत भारताने पहिलं सुवर्णपदक मिळवलं, ते हेच ऑलिंपिक. ३१ जुलैला १०० मीटरची अंतिम शर्यत बेटीने १२.२ सेकंदांत जिंकली. वय १६, शर्यतींचा अनुभव जेमतेम चार महिन्यांचा. ऑलिंपिकमधल्या स्त्रियांच्या धावण्यातलं ते पहिलं सुवर्णपदक. तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. धावण्याचे पैसे घेतले की खेळाडू बाद. त्यामुळे पदक घेऊन ती परत आली ती अभ्यासाकडेच.

जून १९३१ मध्ये ती चुलतभावाच्या छोट्या विमानात बसली आणि विमान कोसळलं. डोक्याला जबर मार, हात मोडलेला, पाय मोडलेला. तिला मृत समजून नेण्यात आलं, अशी कथा पुढे पसरली आणि आजही रंगवून सांगितली जाते. पण मला त्या कथेपेक्षा नंतरची वर्षं मोठी वाटतात. आधी चाकांची खुर्ची, मग कुबड्या, मग हळूहळू चालणं. १९३२ चं ऑलिंपिक तिच्याच देशात, लॉस एंजेलिसला झालं आणि ती त्यात नव्हती.

पुढे ती पुन्हा धावू लागली, पण गुडघा पूर्ण वाकेना. छोट्या अंतराच्या शर्यतीला खाली वाकून, गुडघा दुमडून तयार राहावं लागतं. 'सेट' म्हटल्यावर उठायचं आणि सुटायचं. तिला ते जमेना, म्हणजे १०० मीटरचा रस्ता बंद. जी शर्यत तिने इतिहासात नोंदवली, ती तिची उरली नाही.

मग तिने रिलेकडे पाहिलं. रिलेत फक्त पहिल्या धावपटूला वाकून सुरुवात करावी लागते. बाकीच्या तिघी उभ्यानेच बॅटनची वाट पाहतात. ४ × १०० मीटरच्या अमेरिकन संघात तिने जागा मिळवली आणि १९३६ मध्ये ती बर्लिनला पोचली. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली, तेही याच वेळी, याच शहरात.

९ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत जर्मन मुली बऱ्याच पुढे होत्या. प्राथमिक फेरीत त्यांनी ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. तिसऱ्या टप्प्यावर बेटी धावली आणि तिने बॅटन हेलन स्टीफन्सच्या हाती दिलं. शेजारच्या पट्ट्यात शेवटच्या जर्मन धावपटूच्या हातून बॅटन निसटून खाली पडलं. अमेरिका ४६.९ सेकंदांत पहिली आली.

कुणी म्हणेल, हे तर नशीब. जर्मनांचं बॅटन पडणं हे नशीबच होतं. पण अमेरिकेचं बॅटन पडलं नाही, हे नशीब नव्हतं. न वाकणाऱ्या गुडघ्याने, पाच वर्षांच्या खंडानंतर, हजारो प्रेक्षकांसमोर ते नीट पुढच्या हातात देणं हे तिचं काम होतं, आणि ते तिने चोख केलं.

दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझा घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर मी पहिली चौकशी केली ती, "पूर्वीसारखं पळता येईल ना?" डॉक्टर गप्प राहिले. मी बरेच महिने रुसून बसले. शाळेत असताना आमच्या तुकडीच्या रिलेत पहिला टप्पा माझा असे. पीटीच्या सरांची शिट्टी झाली की फक्कीच्या रेघेवरून सगळ्यांच्या आधी सुटणारी मी. ती जागा गेली म्हणजे सगळंच गेलं, असं वाटायचं. बेटीची हकिकत वाचल्यावर कळलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. परत येणं म्हणजे जुन्याच जागी येणं नव्हे. आज आपल्याला जमेल अशी जागा कुठली, ते शोधावं लागतं. आणि ती जागा मोकळी करून देणारे सोबतीही लागतात.

मेळाव्याच्या सकाळी आपल्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांची रिले आहे. मैत्रिणींना मी सांगून ठेवलंय, पहिला टप्पा दुसऱ्या कुणीतरी घ्या. मी तिसऱ्यावर उभी असेन, हात मागे करून. बॅटन तेवढं नीट द्या, पुढे पोचवायची जबाबदारी माझी.